साम्यवादोत्तर देशांतली विषमता आणि वित्त भांडवलशाही : संशोधन कोणत्या क्रमाने करावं

पूर्व युरोप किंवा रशियातल्या उत्पन्नाच्या विषमतेवर काम करायला घेणारे विद्यार्थी बहुधा एकाच जागी अडकतात. पंचवीस-तीस देशांचे जिनी गुणांक (विषमतेचं ० ते १ मधलं माप; आकडा मोठा तितकी विषमता जास्त) एका एक्सेलमध्ये उतरवायचे, शेजारच्या रकान्यात बँककर्जाचं जीडीपीशी असलेलं प्रमाण मांडायचं, रिग्रेशन (दोन रकान्यांतला संबंध मोजण्याची सांख्यिकी पद्धत) चालवायचं आणि ‘वित्त भांडवलशाहीमुळे विषमता वाढली’ असं लिहून टाकायचं. पण रशियाचा सरकारी जिनी १९९१ मध्ये ०.२६ होता आणि १९९४ मध्ये तो ०.४० च्या वर गेला. त्या तीन वर्षांत सामान्य रशियन कुटुंबाच्या डोक्यावर गृहकर्ज जवळपास नव्हतंच. मग ती वाढ कर्जाच्या खात्यावर कशी टाकायची?

वित्ताचा आणि विषमतेचा संबंध नाही, असा याचा अर्थ नव्हे. संबंध आहे आणि तो खोल आहे. पण प्रत्येक देशात तो वेगळ्या वर्षी, वेगळ्या दाराने आत आला. ते दार आणि ते वर्ष हुडकल्याशिवाय आकड्यांना हात लावला की पुढचं सगळं काम डळमळतं. म्हणून इथे क्रमावर भर दिला आहे. पहिले तीन टप्पे पूर्ण होईपर्यंत कुठलंही सॉफ्टवेअर उघडू नका.

## टप्पा १ : प्रश्न दोन देशांपुरता आणि एका काळापुरता आणा

‘साम्यवादोत्तर अर्थव्यवस्था’ हा गट बाहेरून वाटतो तेवढा एकजिनसी नाही. स्लोव्हेनियात युगोस्लाव्ह पद्धतीच्या कामगार-व्यवस्थापनाचा वारसा होता, एस्टोनिया थेट सोव्हिएत संघाचा भाग होता. पूर्व जर्मनीला १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचं चलन मिळालं आणि पाठोपाठ तिथल्या सगळ्या संस्थाही आल्या. त्याला पोलंडच्या रांगेत बसवता येत नाही. चीन आणि व्हिएतनाम तर या गटात धरूच नयेत. तिथे बाजार आला, पण पक्षाची सत्ता गेली नाही.

एम.ए.च्या प्रबंधासाठी दोन देशांची जोडी पुरते, आणि ती जोडी एखाद्या ठळक फरकावरून निवडावी. माझ्या मते सर्वांत फलदायी जोडी हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांची. दोघांची भौगोलिक जागा सारखी, दोघेही २००४ मध्ये युरोपीय संघात आले, दोघांच्या बँका परदेशी मालकांकडे गेल्या. तरी २००८ च्या आधी हंगेरीतली कुटुंबं स्विस फ्रँकमध्ये घरं घेत होती आणि चेक कुटुंबं आपल्या कोरुनामध्ये, कारण चेक व्याजदर आधीच कमी होते. तुलनेला एवढा स्वच्छ फरक सहसा मिळत नाही.

तपासा : तुमचा प्रश्न एका वाक्यात येतो का? त्यात कोणत्या लोकांचं, कोणतं उत्पन्न, कोणत्या वर्षांत, हे तिन्ही हवं. एक जरी सुटलं तरी पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : कालरेषा काढा आणि ‘वित्त’ म्हणजे काय ते ठरवा

मोठा कागद घ्या आणि प्रत्येक देशासाठी सहा ओळी आखा : किमती मोकळ्या केल्याची तारीख, खासगीकरणाची पद्धत, बँकांची विक्री, पेन्शनमधले बदल, करांमधले बदल, कुटुंबांच्या कर्जाची वाढ.

रशियाच्या कागदावर २ जानेवारी १९९२ ला किमती मोकळ्या झाल्या. १९९२ ते १९९४ व्हाउचरचं खासगीकरण, म्हणजे नागरिकांना वाटलेल्या व्हाउचरांवर सरकारी कंपन्यांचे शेअर. १९९५ च्या शेवटी ‘कर्जाच्या बदल्यात शेअर’ हे लिलाव झाले. त्यांत बँका सरकारला कर्ज देत होत्या आणि मोठ्या कंपन्यांचे शेअर तारण म्हणून घेत होत्या. काही लिलावांत तर लिलाव भरवणारी बँक आणि तो जिंकणारी मंडळी एकाच गटातली होती. १७ ऑगस्ट १९९८ ला सरकारने कर्जफेड थांबवली. २००१ ते २०२० या काळात १३ टक्क्यांचा एकच प्राप्तिकर.

चेक कागद वेगळा दिसेल. १९९२ च्या पहिल्या फेरीत नागरिकाला १,०३५ कोरुना भरून कूपनांची पुस्तिका मिळत होती; तिच्यातल्या गुणांवर सरकारी कंपन्यांचे शेअर घेता येत. बहुसंख्य लोकांनी आपले गुण गुंतवणूक फंडांकडे सोपवले. त्यांतले बहुतेक मोठे फंड बँकांनी काढलेले, आणि त्या बँका तेव्हा अजून बऱ्याच अंशी सरकारी. म्हणजे बँकेचा फंड कंपनीचा मालक आणि तीच बँक त्या कंपनीची सावकार, अशी गुंतागुंत तयार झाली. नंतर त्या बँका परदेशी मालकांकडे गेल्या : सीएसओबी १९९९ मध्ये, चेस्का स्पोर्झितेल्ना २००० मध्ये, कोमेर्च्नी बांका २००१ मध्ये.

इथे ‘वित्त भांडवलशाही’ची व्याख्या हातात येते. बँक आणि उद्योग यांची मालकी एकमेकांत गुंतणं हा जुना अर्थ. तो नव्वदच्या दशकातल्या चेक आणि रशियन परिस्थितीला लागू पडतो. कुटुंबांचं घर, पेन्शन आणि रोजचा खर्च वित्तबाजाराशी बांधला जाणं हा नवा अर्थ. तो २००३ नंतरच्या हंगेरी, लाटव्हिया आणि पोलंडला लागू पडतो. दोन्हींची मापं वेगळी, काळ वेगळे. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी वापरला की प्रबंध तिथेच फसतो.

पेन्शनची ओळ विद्यार्थी हटकून विसरतात. हंगेरीने १९९८ मध्ये आणि पोलंडने १९९९ मध्ये पेन्शनचा एक भाग खासगी फंडांकडे वळवला. हंगेरीने तो २०१० नंतर जवळजवळ पूर्ण परत सरकारकडे घेतला, पोलंडने २०१४ मध्ये फंडांतले सरकारी रोखे काढून घेतले. पुढचं पाऊल मागे घेतलं गेल्याचं असं उदाहरण संशोधनासाठी सोन्यासारखं असतं.

सावधान : देश आणि चलनं बदलली आहेत. चेकोस्लोव्हाकिया १ जानेवारी १९९३ ला दुभंगला. पोलंडने १९९५ मध्ये चार शून्यं काढली, रशियाने १९९८ मध्ये तीन, रोमानियाने २००५ मध्ये चार. झ्लोटी किंवा रुबलमधली मालिका जोडण्याआधी ही वर्षं कागदावर लाल शाईने लिहून ठेवा.

## टप्पा ३ : ‘उत्पन्न’ कोणतं, ते आकडा घेण्याआधी ठरवा

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून सर्वांत जास्त वेळ इथे द्या.

उत्पन्न की खर्च? आपल्याकडचा जिनी बहुधा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या उपभोग-खर्चावरून काढलेला असतो. युरोपीय संघातल्या देशांचा करानंतरच्या उत्पन्नावरून. खर्चाची विषमता उत्पन्नाच्या विषमतेपेक्षा साधारणपणे कमीच दिसते. म्हणून भारताचा आकडा बल्गेरियाच्या शेजारी ठेवून ‘भारत अधिक समान’ असं लिहिणं साफ चूक आहे. जागतिक बँकेच्या संचात उत्पन्नाचे आणि खर्चाचे आकडे एकत्र येतात. प्रत्येक ओळीपुढे कोणतं माप आहे ते लिहिलेलं असतं. तो रकाना वगळून डाउनलोड करू नका.

दरडोई की समतुल्य? समतुल्य उत्पन्नासाठी युरोपच्या आकडेवारीत पहिला प्रौढ १, त्यापुढचा चौदा वर्षांवरचा प्रत्येक माणूस ०.५ आणि चौदाच्या आतलं मूल ०.३ धरलं जातं, आणि घराचं उत्पन्न त्या बेरजेने भागलं जातं. नवरा-बायको आणि दोन लहान मुलं म्हणजे २.१. घरात महिन्याला २,१०० युरो येत असतील तर समतुल्य उत्पन्न १,००० आणि दरडोई ५२५. तीच माणसं, तेच पैसे, पण क्रमवारीत जागा वेगळी. नव्वदच्या दशकातली बरीच आकडेवारी दरडोई आहे, नंतरची समतुल्य. या दोन मालिका रेघ ओढून जोडू नका.

कोणत्या वर्षाचं? युरोपीय संघाचा उत्पन्न आणि राहणीमानाचा सर्व्हे, म्हणजे ईयू-सिल्क, या भागातल्या बहुतेक देशांत २००५ च्या आसपास सुरू झाला. त्यात ‘२००९’ असं लिहिलेलं असलं तरी उत्पन्न आदल्या वर्षाचं, म्हणजे २००८ चं असतं. २००८ च्या संकटावर लिहिताना ही एका वर्षाची गफलत झाली तर कारण आणि परिणाम उलटसुलट होतात.

साम्यवादी काळाचा आकडा कितपत धरायचा? सोव्हिएत कौटुंबिक सर्व्हेचा नमुना कारखाने आणि कचेऱ्या यांच्यामार्फत निवडला जायचा, त्यामुळे एकटे पेन्शनर आणि नोकरीबाहेरची माणसं कमी सापडायची. शिवाय अधिकाऱ्यांची खास दुकानं, चांगली घरं, सुट्टीतले बंगले यांचं मोल पैशांत धरलेलं नसायचं. पगार सारखे असले तरी दुकानात माल कोणाला मिळतो यातली विषमता आकड्यात येत नव्हती. म्हणजे आधीची विषमता दिसते त्यापेक्षा जास्त होती. तरीही नंतरची वाढ खरीच आहे, तिचा आकार तेवढा जपून सांगावा लागतो.

न मिळालेला पगार. नव्वदच्या दशकात रशियात महिनोन्‌महिने पगार थकायचे, कधी पैशांऐवजी कारखान्याचा माल हातात दिला जायचा. ‘ठरलेला पगार’ आणि ‘गेल्या तीस दिवसांत हातात आलेले पैसे’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. रशियाच्या आरएलएमएस या कुटुंब-सर्व्हेत थकबाकीवरही प्रश्न आहेत, ते वापरा. त्याचा पहिला टप्पा १९९२ चा आणि दुसरा, नव्या नमुन्याचा, १९९४ पासूनचा. दोन्हींची साखळी करू नका.

तपासा : एखाद्या मालिकेत एकाच वर्षी मोठी उडी दिसली तर आधी सर्व्हेवर संशय घ्या, समाजावर नंतर. हंगेरीच्या ईयू-सिल्क मालिकेत २००६ चा जिनी शेजारच्या दोन्ही वर्षांपेक्षा ठळकपणे वर आहे. त्या एका टोकावर सिद्धांत उभा करण्याआधी पद्धतीची टिपणं वाचा.

## टप्पा ४ : परवानग्यांचे अर्ज आधी टाका

तयार तक्ते कोणालाही मिळतात. कुटुंबनिहाय फाइल मिळायला वेळ लागतो. युरोस्टॅट, म्हणजे युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय, ईयू-सिल्कच्या फाइल व्यक्तीला देत नाही, आधी संस्थेला संशोधन संस्था म्हणून मान्यता घ्यावी लागते. तुमच्या विद्यापीठाला ती आहे का, हे पहिल्या सत्रातच विचारा. नसेल तर सराव-फाइलवर कोड लिहून ठेवा, पण त्यावरून निष्कर्ष काढू नका.

लक्झेंबर्ग इन्कम स्टडीमध्ये फाइल तुमच्याकडे येत नाही. तुम्ही कोड पाठवता, त्यांची यंत्रणा उत्तर पाठवते. व्याख्या जुळवलेल्या असल्यामुळे दोन देशांच्या तुलनेला हा मार्ग उत्तम. मालमत्ता आणि कर्जासाठी युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या समन्वयाने होणारा कुटुंबांच्या वित्ताचा सर्व्हे आहे, एचएफसीएस. स्लोव्हेनिया आणि स्लोव्हाकिया त्यात पहिल्या फेरीपासून आहेत. हंगेरी, पोलंड, एस्टोनिया, लाटव्हिया दुसऱ्या फेरीपासून. चेक प्रजासत्ताक पहिल्या तीन फेऱ्यांत नव्हतं, हे जोडी निवडताना लक्षात असू द्या.

सावधान : एचएफसीएसमधलं उत्पन्न करापूर्वीचं आहे, ईयू-सिल्कचं मुख्य उत्पन्न करानंतरचं. दोन्ही एकाच तक्त्यात ‘उत्पन्न’ या एकाच मथळ्याखाली आणू नका. आणि २०२२ नंतर रशियाच्या बँकांची बरीच माहिती प्रसिद्ध होणं थांबलं आहे. चालू काळाचा विषय घेण्याआधी हवी ती मालिका अजून निघते का ते बघा.

## टप्पा ५ : वित्ताचं ओझं मोजा, कारण जिनीला ते दिसत नाही

ईयू-सिल्कच्या करानंतरच्या उत्पन्नात गृहकर्जावरचं व्याज वजा केलेलं नसतं. ते वेगळ्या रकान्यात असतं. म्हणजे एखाद्या कुटुंबाचा हप्ता दीडपट झाला, त्यांचं जेवणखाण कमी झालं, तरी जिनीच्या हिशेबात ते कुटुंब जागचं हललेलं नाही. ‘कर्ज वाढलं पण जिनी स्थिर राहिला, म्हणून वित्ताचा परिणाम नाही’ असं लिहिणाऱ्यांना मुळात मापाचीच अडचण कळलेली नसते.

हंगेरीचं एक काल्पनिक पण वास्तवाला धरून असलेलं उदाहरण घ्या. २००८ मध्ये कोणी ६०,००० स्विस फ्रँकचं कर्ज घेतलं. फ्रँकचा दर १५० फोरिंट (हंगेरीचं चलन) धरला तर ते ९० लाख फोरिंट. २०११ मध्ये दर २४० झाला, आणि काहीही न फेडलं असं धरलं तर तेच कर्ज १ कोटी ४४ लाख. पगार मात्र फोरिंटमध्येच. २०११ च्या शरद ऋतूत सरकारने मुभा दिली : संपूर्ण कर्ज एकरकमी फेडलंत तर दर १८० धरू. म्हणजे १ कोटी ८ लाखांत सुटका, ३६ लाखांचा फायदा. पण तो कोणाला? ज्याच्याकडे रोख होती त्याला. ज्याच्याकडे नव्हती तो २०१४ पर्यंत थांबला आणि त्याचं कर्ज २५६.५ च्या दराने फोरिंटमध्ये वळवलं गेलं. एकाच कर्जाला दोन दर, आणि दोहोंमधली भिंत म्हणजे बचत. मला या विषयातलं सर्वांत महत्त्वाचं पान हेच वाटतं, आणि उत्पन्नाच्या जिनीत त्याचा मागमूस नाही.

पोलंडमध्ये असं सरसकट रूपांतर झालं नाही. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने फ्रँकच्या दराची युरोशी बांधलेली मर्यादा सोडली आणि फ्रँक एका दिवसात उसळला, तेव्हा पोलिश कर्जदार उघड्यावर होते. त्यांचा लढा न्यायालयात गेला; ऑक्टोबर २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने एका पोलिश दाम्पत्याच्या खटल्यात ग्राहकांच्या बाजूने कौल दिला.

कामाचा क्रम असा ठेवा :

१. कर्जदार कोणत्या उत्पन्नगटात आहेत ते आधी बघा. ‘गरीब कर्जात बुडाले’ हे गृहीत धरू नका. गृहकर्ज मिळण्यासाठीच पगार लागतो. तळच्या गटाची थकबाकी बऱ्याचदा वीज-गॅसच्या बिलांची असते.

२. उत्पन्नातून व्याज वजा करून विषमता पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी द्या.

३. थकलेले हप्ते आणि घरखर्चाचं ओझं यांचे रकाने गटवार मांडा.

४. परकीय चलनातल्या कर्जाचा वाटा मध्यवर्ती बँकेच्या मालिकेतून घ्या. कर्ज आणि जीडीपीचं प्रमाण एकटं वापरू नका. चलन घसरलं की नवं कर्ज न घेताही ते वाढतं.

सावधान : नव्वदच्या दशकात सरकारी घरं भाडेकरूंना स्वस्तात विकली गेली. रोमानिया, लिथुआनिया, हंगेरी इथे बहुसंख्य लोक कर्जाशिवाय घराचे मालक आहेत. ‘स्वतःचं घर’ हे इथे श्रीमंतीचं लक्षण धरता येत नाही.

## टप्पा ६ : वरच्या टोकाकडे वेगळं बघा

सर्व्हेवाला अतिश्रीमंतांच्या दारापर्यंत पोचत नाही. म्हणून करनोंदी लागतात, पण त्यांतही खड्डे आहेत. पोलंडने २००४ मध्ये व्यावसायिकांना १९ टक्के सपाट कराचा (सगळ्या उत्पन्नावर एकच दर) पर्याय दिला. नेहमीच्या करतक्त्यांतून ती मंडळी बाजूला गेली, आणि फक्त तेच तक्ते पाहणाऱ्याला वरचं टोक लहान दिसतं.

रशियासाठी नोवोकमेत, पिकेटी आणि झुकमन या अर्थतज्ज्ञांनी सर्व्हे, करनोंदी आणि राष्ट्रीय हिशेब एकत्र करून मांडलं की वरच्या १० टक्क्यांचा वाटा १९९०-९१ मधल्या २५ टक्क्यांहून कमीवरून १९९६ मध्ये ४५ टक्क्यांच्या वर गेला, आणि परदेशात ठेवलेली संपत्ती २०१५ च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या ७५ टक्क्यांच्या घरात होती. वाट्याचे हे आकडे करापूर्वीच्या उत्पन्नाचे आणि दर प्रौढामागचे आहेत. सरकारी जिनीशी त्यांची सरळ तुलना होत नाही. दोन्ही द्या, दोन्हींची व्याख्या द्या, आणि सत्य या पट्ट्यात कुठेतरी आहे असं स्पष्ट लिहा.

तळाच्या बाजूलाही एक खाच आहे. लाटव्हिया किंवा बल्गेरियात कागदावर किमान वेतन आणि उरलेलं पाकिटातून, ही पद्धत सर्रास होती. नोंदींवर आधारलेला आकडा अशा कामगाराला खऱ्याहून गरीब दाखवतो.

## टप्पा ७ : आता जोडणी, आणि रिग्रेशन सर्वांत शेवटी

आधी घटकांची फोड करा : एकूण विषमतेत पगाराचा वाटा किती, धंद्याचा किती, भांडवली उत्पन्नाचा किती, पेन्शनने किती कमी केली. नव्वदच्या दशकातल्या पोलंडची गोष्ट निम्म्याहून अधिक या फोडीतच उलगडते, वित्तापर्यंत जावंच लागत नाही.

मग कालरेषेचा कागद शेजारी ठेवा आणि एकाच वर्षी दोन बदल झाले आहेत का ते शोधा. हंगेरीत २०११ मध्ये एकरकमी फेडीची सवलत आली आणि त्याच वर्षी १६ टक्क्यांचा सपाट प्राप्तिकरही आला. दोघांचाही फायदा वरच्या गटाकडे झुकलेला. त्यानंतरची वाढ एकट्या वित्ताच्या नावावर टाकलीत तर परीक्षक तुम्हाला तिथेच अडवेल, आणि बरोबरच अडवेल.

तपासा : दोनपेक्षा जास्त देश घेतले असतील तर रशिया आणि हंगेरी प्रत्येकी एकदा वगळून निष्कर्ष टिकतो का? काही संचांत जिथे आकडा नाही तिथे अंदाजाने भरलेला असतो. असे भरलेले आकडे काढून टाकल्यावर टिकतो का?

## टप्पा ८ : स्थानिक भाषेतले कागद

इंग्रजीत मिळतं ते बहुतेक आंतरराष्ट्रीय संस्थांच्या नजरेतून लिहिलेलं. फ्रँक-कर्जदारांची कैफियत पोलिशमध्ये आहे, थकलेल्या पगारांची रशियनमध्ये. पुण्यातल्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रशियन शिकता येते. रशियावर काम करणार असाल तर पहिल्याच वर्षी नाव घाला. पोलिश किंवा हंगेरियनसाठी यांत्रिक भाषांतर मजकुराला चालेल, पण सर्व्हेच्या प्रश्नावलीला आणि कायद्याच्या कलमाला नाही. तिथे भाषा जाणणाऱ्या माणसाकडून ओळ न्‌ ओळ तपासून घ्या.

## टप्पा ९ : तक्ता छापण्याआधी

प्रत्येक तक्त्याखाली पाच गोष्टी आल्याच पाहिजेत : उत्पन्न की खर्च, करापूर्वी की करानंतर, दरडोई की समतुल्य, उत्पन्नाचं वर्ष, आणि मालिका कुठे तुटते. तुटलेल्या जागी आलेखाची रेघही तोडा, मध्ये ठिपक्यांनी जोडू नका. मग तक्ता विषय माहीत नसलेल्या मित्राला द्या आणि त्यावरून दोन वाक्यं लिहायला सांगा. त्याने टीप न वाचता जे चुकीचं लिहिलं असेल, ते टिपेतून काढून मथळ्यात घाला.